पत्ता अठ्ठेचाळीस

४ मार्च

आलो एकदाचे. सामान वर चढवायला दुपारचे दोन वाजले. बाबांना ऐकू येत नाही आणि हमालांना कुणाचं ऐकायचं नव्हतं, त्यामुळे त्यांचं छान जमलं. कपाट खिडकीपाशी ठेवा म्हणून बाबा ओरडत होते, हमालांनी ते दाराशी ठेवलं, आणि आपण सांगितलं तसंच ठेवलं असं बाबा आता सगळ्यांना सांगतायत. सगळ्यांना म्हणजे मला.

दोन खोल्या, स्वयंपाकघर ऐसपैस. एक खिडकी रस्त्यावर, दुसरी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे. त्या भिंतीकडच्या खिडकीपाशी बाबांनी आपलं टेबल लावलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याला उजेड एकाच बाजूने लागतो म्हणे. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं. ते तिथेच राहणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा बाबांनी दिवसभरात एकदाही कुरकुर केली नाही. मला फार बरं वाटतंय.

५ मार्च

कामाचा पहिला दिवस. वर्कशॉप घरापासून सात मिनिटांवर, एका छापखान्याच्या वर. तीनच माणसं. मालक, जे एकाच वेळी दोन फोनवर बोलतात. मावशी, ज्या भिंग लावून तांदळाएवढ्या चिपा बोर्डावर बसवतात आणि त्यांचा हात जराही हलत नाही. आणि आता मी.

माझं काम म्हणजे मालकांच्या नव्या बोर्डासाठी बूट फर्मवेअर तयार करणं. वीज आल्यावर कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी चालतो तो एवढासा प्रोग्राम. तो उठतो, मेमरी तपासतो, कोण कुठे आहे ते बघतो आणि मगच बाकीच्यांना उठवतो. आतापर्यंत मालक हे बाहेरून विकत घ्यायचे, बंद डब्यासारखं. काही बिघडलं की विकणारे फोन उचलायचे नाहीत. म्हणून आता खुलं फर्मवेअर. त्याचा सगळा कोड उघडा असतो. जगातल्या कुणीही बघावा, उचलावा, बदलावा. बाबांना हे रात्री जेवताना ओरडून समजावलं. आपली विद्या अशी रस्त्यावर मांडून ठेवायची, म्हणजे तुम्ही लोक वेडे आहात, असं त्यांचं मत पडलं.

८ मार्च

नवं बोर्ड आलं की कुणी पहिल्या ओळीपासून लिहीत बसत नाही. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायचा, त्याचं फोल्डर जसंच्या तसं उचलायचं, आणि जे वेगळं आहे तेवढं बदलत जायचं. आमच्या बोर्डाचा नातेवाईक म्हणजे मालकांचंच जुनं बोर्ड. दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या इंजिनिअरने त्याचं काम केलं होतं. काम नीटनेटकं आहे. माणूस मधेच नोकरी सोडून गेला, एवढंच मावशी म्हणाल्या.

आज पडद्यावर पहिली अक्षरं आली! मी खुर्चीवरून अशी उठले की मावशींचा हात आयुष्यात पहिल्यांदा हलला असेल.

१२ मार्च

आज हजेरीचं काम. बोर्डावर दोन तारांची एक वाट असते, तिच्यावर लहानसहान चिपा असतात आणि प्रत्येकीला एक पत्ता असतो. फर्मवेअर उठलं की एकेका पत्त्याला हाक मारतं. जी चिप हजर असेल ती ओ देते, आपल्याकडचा आकडा सांगते, पुढचा पत्ता. आमच्या बोर्डावर अशा सहा चिपा आहेत.

आधीच्याने या हजेरीत एक गंमत करून ठेवली आहे. अठ्ठेचाळीस नंबरच्या पत्त्याला हाक मारायची नाही, तो वगळायचा, अशी एक ओळ. का, ते लिहिलेलं नाही. त्या पत्त्यावर जुन्या बोर्डावरही चिप नव्हती आणि नव्यावरही नाही. मग वगळायचं कुणाला? माझ्या डोक्यात आलं की राहू दे, चालतंय.

१४ मार्च

काम खुल्या फर्मवेअरच्या प्रकल्पाकडे पाठवलं होतं. तिथे ते तपासणारे एक गृहस्थ आहेत, दूर कुठेतरी राहतात, मी त्यांचं नाव मास्तर ठेवलं आहे. एकतीस ठिकाणी लाल शेरे! त्यातला एक त्या ओळीवर. अठ्ठेचाळीस का वगळला, कारण लिहा, नाहीतर ओळ काढा. विनाकारण ओळ आम्ही ठेवत नाही.

बरोबरच आहे त्यांचं. मी ओळ काढली. विचार करायला चहाचा घोटसुद्धा लागला नाही.

मग सही. इथली रीत अशी की आपण पाठवलेल्या प्रत्येक बदलाखाली आपलं पूर्ण खरं नाव लिहायचं. हे काम माझं, याची जबाबदारी माझी. टोपणनाव चालत नाही. मी माझं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव असं ऐटीत लिहिलं. संध्याकाळी मास्तरांनी काम स्वीकारलं. आता जगात कुणीही ते घेऊ शकतं, माझ्या नावासकट. बाबांना दाखवलं. आपलंही नाव आहे म्हटल्यावर वेडे लोक एकदम हुशार झाले.

१५ मार्च

दोन गोष्टी झाल्या. चांगली आधी. दुपारी बाबा माझा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आले. खुर्चीत बसून मावशींचं भिंग न्याहाळत होते. मी बोर्ड चालू केलं, तेवढ्यात बाबा मोठ्याने "ओ" म्हणाले. कुणी हाक मारली, विचारलं. कुणी नाही, चालू दे तुझं, म्हणाले. मला हसू आवरेना. गेली सहा वर्षं मी कानाशी बोंबलते तेव्हा हा माणूस ढिम्म असतो, आणि इथे कुणी तोंड उघडलं नव्हतं तर ओ!

दुसरी गोष्ट कामाची. अठ्ठेचाळीसने उत्तर दिलं. हजेरीत सातजण. त्याने दिलेला आकडा तपमानाच्या चिपा देतात तशा घाटाचा आहे, छत्तीस पूर्णांक सहा. मावशींनी भिंगाखाली बोर्डाचा कोपरा न कोपरा बघितला. तिथे काही नाही. तारेतला गोंगाट असेल. असतो कधीकधी.

१७ मार्च

रविवार. बाबा टेबलाशी एक जुनं मनगटी घड्याळ उघडून बसले होते, मी भाजी निवडत होते. अकरा वाजून पाच मिनिटांनी ओ. अकरा बाराला पुन्हा. साडेअकराला तिसऱ्यांदा. म्हटलं, बाबा, कानाला काही सापडलंय का? हसले. मी गंमत म्हणून वेळा इथे लिहून ठेवल्या. जुन्या नोकरीतली सवय, जे होईल ते वेळेसकट लिहायचं.

बाबा आज उन्हात बसूनही स्वेटर मागत होते.

१८ मार्च

काल सुट्टी असून मावशी वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. एका बोर्डाचं चिप बसवण्याचं काम राहिलं होतं, ते करून त्यांनी बोर्ड तीनदा चालू करून बघितलं. बोर्ड स्वतःच्या वेळा नोंदवतं.

अकरा पाच. अकरा बारा. साडेअकरा.

मी ती नोंद माझ्या वहीतल्या वेळांशी पुन्हा लावून बघितली. मग योगायोग म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर सोडलं नाही.

२० मार्च

बाबांना मुद्दाम वर्कशॉपमध्ये नेलं. थर्मामीटर घेऊन. त्यांना वाटलं, मला त्यांच्या तब्येतीची काळजी, म्हणून खुशीत आले.

बोर्ड चालू केलं. ओ. अठ्ठेचाळीसचा आकडा छत्तीस पूर्णांक दोन. बाबांच्या काखेतला पारा छत्तीस पूर्णांक दोन.

पुन्हा चालू केलं. पुन्हा ओ. आकडा एका डिग्रीच्या सोळाव्या भागाने खाली. तपमानाच्या चिपा एवढ्याच पायरीने मोजतात, त्याहून बारीक त्यांना कळत नाही. तिसऱ्यांदा करायला माझं बोट बटणावर होतं. मी हात मागे घेतला. आपण बापावर प्रयोग करतोय हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, आणि मला स्वतःची किळस आली.

तास-दोन तास काही केलं नाही, तर बाबा हळूहळू पुन्हा गरम होतात. हेही मोजलं.

२१ मार्च

मावशींकडून आधीच्या इंजिनिअरचा नंबर मिळवला. रजा टाकून घराच्या गच्चीवरून फोन लावत राहिले, दीड तासाने उचलला. अठ्ठेचाळीस म्हटल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं. मग एकच विचारलं, तुमच्या घरी ओ कोण देतं? मी सांगितलं, वडील. ते म्हणाले, माझ्याकडेही वडीलच द्यायचे. ती ओळ घालायचं मला अकराव्या दिवशी सुचलं. कारण काय लिहिणार होतो?

तुमचे वडील आता कसे आहेत, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला होता.

२१ मार्च, दुपार

पुढचं लिहिते, हात थांबत नाहीये म्हणून. गच्चीवरून खाली आले तर बाबा पलंगावर बसून ओ म्हणत होते. थोडं थांबून पुन्हा ओ. मी घड्याळ लावलं. दर चाळीस सेकंदांनी. ओठ निळे पडले होते आणि प्रत्येक वेळी जरा आवाज कमी होत होता.

सात मिनिटांचं अंतर मी कसं धावले मला माहीत नाही. मालकांनी हौसेने हजार वेळा बंद-चालूची चाचणी लावली होती. हे सगळे करतात, बोर्ड गिऱ्हाइकाला देण्याआधी यंत्राला जोडून ठेवतात, ते आपोआप बंद होतं, चालू होतं. एकशे त्रेचाळिसावी वेळ चालू होती. मी वायर भिंतीतून उपटली. मालक ओरडले, मी त्याहून मोठ्याने ओरडले. मावशी मधे पडल्या.

डॉक्टर येऊन गेले. बाबांचं तपमान तीसच्याही खाली गेलं होतं. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला, दुसरा काढला, तोही तेच म्हणाला. घर गार आहे का, विचारलं. बाहेर कडक ऊन होतं.

२२ मार्च

ओळ परत घातली. वर्कशॉपमधल्या सगळ्या बोर्डांवर स्वतःच्या हाताने नवं फर्मवेअर चढवलं. मालक माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

२४ मार्च

दोन दिवस एकही ओ नाही. बाबा छत्तीस पूर्णांक चार! आज भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरले. मी मोरीत जाऊन रडले.

२६ मार्च

सकाळी नऊ वाजता ओ.

आपल्या वर्कशॉपमध्ये सगळी बोर्डं बंद आहेत. मी जाऊन बघितलं. परत आले तोवर आणखी दोन.

मग मालकांना विचारलं. मास्तरांनी काम स्वीकारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी चाळीस बोर्डं गिऱ्हाइकांना पाठवली होती, माझ्या कामासकट, ओळ काढलेली. ती आता पोचली, लोक चालू करू लागले. शिवाय प्रकल्पातून तो कोड कुणी कुणी उचलला असेल. आमच्या बोर्डाला जवळचा नातेवाईक समजून त्याचं फोल्डर कुणी घेतलं असेल. मी घेतलं तसंच.

२७ मार्च

ओळ परत घालण्याचा बदल मास्तरांकडे पाठवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं. कारण लिहा.

वाईट माणूस नाही तो. नियम आहे, आणि नियम चांगला आहे. मीही हेच म्हटलं असतं. काय लिहू? की माझा बाप गार पडतो?

२९ मार्च

खोटं लिहिलं. त्या पत्त्यावर गोंगाट येतो, म्हणून वगळावा. त्यांनी मोजमाप मागितलं. मी मोजमापही खोटं बनवलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. बाबा चौतीस पूर्णांक एक.

१ एप्रिल

स्वीकारलं.

आणि काही फरक नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केले, नवं फर्मवेअर घ्या म्हणून विनवलं. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, सगळे हेच म्हणतात. बरोबर म्हणतात. चालणाऱ्या बोर्डाचं फर्मवेअर कुणी बदलत नाही. ज्यांचे नंबर आहेत त्यांची ही तऱ्हा. ज्यांचे नाहीत, ते कोण, कुठे, किती?

आज दिवसात बावन्न वेळा.

३ एप्रिल

आज बाबांना सरळ विचारलं, पाटीवर लिहून. हाक कोण मारतं?

त्यांनी आधी टाळलं. मग सांगितलं. ती हाक स्पष्ट ऐकू येते, यंत्राशिवाय. बाईची नाही, पुरुषाचीही नाही. आणि हाक त्यांना नसतेच.

हाक मला असते. माझं पूर्ण नाव घेतात, माझं, मधलं, आडनाव, शाळेत हजेरी घेतात तसं. पहिल्या दिवशी मी बोर्डावर वाकलेली होते, पोर कामात आहे म्हणून त्यांनी माझ्यावतीने ओ दिली. दुसऱ्या वेळी अंगातून गार काहीतरी गेलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं.

मी लिहिलं, मग देऊ नका ओ. ते म्हणाले, एकदा नव्हती दिली. तू स्वयंपाकघरात होतीस. दुसऱ्या हाकेला तुझी मान वर झाली, ओठ उघडले. म्हणून मी पटकन दिली.

मला यातलं काही आठवत नाही.

मग म्हणाले, मधलं नाव माझंच आहे की, मी ओ दिली तर काय बिघडलं.

५ एप्रिल

मला भयंकर राग आलाय. मास्तरांचा नाही, मालकांचा नाही. ती ओळ काढणाऱ्या माझा.

सही पुसता येत नाही. जुन्या नोंदी कायमच्या राहतात, त्यातच या सगळ्याचा मोठेपणा आहे म्हणे. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचा विचार आला होता. कुणाचं घालू? त्यालाही कुणी असेलच.

७ एप्रिल

दोनशे दहा. नंतर मोजल्या नाहीत.

तीन रजया. गरम पाण्याच्या पिशव्या. मावशी येऊन पाय चोळून गेल्या, काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणतात मोठ्या दवाखान्यात न्या. तिथेही हाक येईलच.

बाबा झोपेतही—

८ एप्रिल

एकतीस पूर्णांक पाच. ओ आता नुसती ओठांची.

एका पत्त्यावर दोन चिपा असल्या तर वाटेवर जी आधी बोलेल तिचंच मोजलं जातं. हे मला कॉलेजपासून पाठ आहे. इतके दिवस का सुचलं नाही?

मला हाक ऐकू येत नाही, कारण बाबा पहिल्या हाकेलाच देतात. दुसरीपर्यंत गोष्ट येतच नाही. पण देण्याआधी त्यांची मान किंचित डावीकडे वळते. आज तासभर बघितलं. दर वेळी वळते.

९ एप्रिल, सकाळ

पलंगावर त्यांच्याजवळ बसलेय. वही मांडीवर.

नऊ दहा. मान वळली. मला उशीर झाला, त्यांनीच दिली.

नऊ अकरा. पुन्हा त्यांनीच.

नऊ चौदा — मी दिली. ओ. माझ्या तोंडून. गार काहीतरी गेलं, खांद्यापासून खाली. त्यांनी डोळे उघडले.

नऊ सोळा — मी.
नऊ सतरा — मी.

साडेनऊ. सगळ्या मी. त्यांच्या गालावर रंग आलाय. ते माझ्याकडे रागाने बघतायत. लहानपणी मी रस्ता न बघता पळाले तेव्हा बघितलं होतं तसं.

दहा — मी — आता मलाही ऐकू येतंय. माझं नाव. किती शांतपणे घेतात —

दहा पाच — बाबांनी दिली. मुद्दाम. उठून बसलेत. म्हटलं झोपा ना —

मी — मी — बोटं वळत नाहीत, अक्षर बघा —

पेन दोनदा पडलं. एका मिनिटात चार. कुठेतरी कुणीतरी हजारची चाचणी —

मी —

बाबा रडतायत. म्हणतात, तू लहान आहेस. बेचाळीस वर्षांची आहे मी, बाबा —

मी —

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवलाय. घट्ट. हात ऊन आहे, किती दिवसांनी ऊन — बाबा, काढा — हाक येतेय — माझं नाव — आता मधलं, त्यांचं — ते तोंड उघडतायत — मी त्यांचा हात